मोजून हरलेले आणि न विचारलेले

२०१६ च्या डिसेंबरात दत्तजयंतीला गाणगापूरला गेलो होतो. परतताना बरोबरच्या स्नेह्याने आग्रहाने आपल्या गावी, मादन हिप्परग्याला नेले. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातले हे सीमेजवळचे गाव. रात्री जेवणे झाल्यावर त्याच्या पुतण्याने विचारले, "काका, अमेरिकेत जास्त मतं पडूनही बाई हरली कशी?"

मी सरकारी कारकून, निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस. त्यामुळे उत्तर देणे आलेच.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ५३८ निर्वाचक निवडतात. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत ज्याची आघाडी, त्याला त्या राज्यातले सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त पडूनही ट्रम्प निवडून आले. २००० साली तर फ्लोरिडातल्या अवघ्या ५३७ मतांनी देशाचा निकाल ठरला. पण या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. तिथल्या सर्वात लहान राज्यालाही किमान ३ निर्वाचक मिळतात. मोठ्या राज्यांच्या गर्दीत लहानांना थोडे जास्त वजन असावे, हे आम्हा गोवेकरांना चटकन पटते.

मग ओघाने गोव्याची गोष्ट निघाली. १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. आमदारांच्या बहुमतावर निर्णय झाला असता, तर गोवा महाराष्ट्रात गेला असता. पण प्रश्न थेट लोकांना विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'दोन पाने' या चिन्हाला, म्हणजे संघप्रदेश राहण्याला, १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७०. गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्ता दिली! प्रतिनिधी निवडणे वेगळे आणि प्रश्नावर कौल देणे वेगळे, हे लोकांना बरोबर कळत होते.

माझ्या वडिलांनी फुलाला मत दिले होते. ते म्हणायचे, "हरलो, पण मोजून हरलो." त्यानंतर त्यांनी त्या निकालाबद्दल कधी कुरकुर केली नाही.

कोपऱ्यात घोंगडीवर बसलेले आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, तुमाला इचारलं तरी. आमाला कुणी इचारलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. इथल्या लोकांनी पुढे आमदार, खासदार निवडले. पण आपण कुठल्या राज्यात राहायचे, यावर त्यांचे मतदान कधी झालेच नाही. महाजन आयोग आला, त्याने १९६७ साली अहवाल दिला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कागद वाढत गेले, मतपेटी मात्र आली नाही.

अमेरिकेतली मते कशी मोजतात, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. मते मोजण्याच्या पद्धतीत दोष असू शकतात, ते सुधारताही येतात. पण जो प्रश्न विचारलाच नाही, त्याची मते मोजणार कशी? निवडणुकीच्या ड्युटीवर पेट्या सील करताना मला आजही ते आजोबा आठवतात.