मोजणी, नोंद आणि सावदा

१८५२ साली सावद्यात दहा ते पंधरा हजार लोक जमल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. निमित्त होते जमीन मोजणीचे. मुंबई इलाख्यात शेतसारा नव्याने ठरवण्यासाठी १८३०च्या दशकात पुण्याकडे, इंदापूर भागात, सुरू झालेले सर्वेक्षण तोवर खानदेशात पोहोचले होते. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. तिच्या एका चौरसाला आपण आजही गुंठा म्हणतो. सावद्याचा जमाव पांगवण्यासाठी पायदळाची तुकडी आणावी लागली. म्होरक्यांना पकडण्यात आले आणि मोजणी पुढे गेली.

या प्रसंगाला अडाणी रयतेचा सुधारणेला विरोध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण साखळी कोणाच्या हातात, आकडा कोणाच्या वहीत आणि त्या आकड्यावरून सारा ठरवणार कोण, हे तिन्ही प्रश्न कुणब्याच्या भाकरीशी बांधलेले होते. वही सरकारी दप्तरात होती. ज्याची जमीन, त्याला ती वाचता येत नव्हती.

जवळपास पावणेदोनशे वर्षांनी सावदा, रावेर, फैजपूर, यावल या पट्ट्यात मोजणीचा प्रश्न पुन्हा उभा आहे. या वेळी मोजली जाते ती थंडी आणि ऊन. हा केळीचा मुलूख. इथली केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जाते. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र कडक थंडी पडली की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड नीट भरत नाही. त्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात पंचनाम्यापेक्षा तापमानाच्या आकड्याला महत्त्व असते. किमान तापमान ठरलेल्या मर्यादेखाली सलग ठरलेले दिवस राहिले, तर भरपाई मिळते. हा आकडा देते महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र. २०१७पासून महावेध प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली.

केंद्र म्हणजे एक खांब, त्यावर सेन्सर, सौर पट्टी आणि एक बंद डबा. त्या डब्यात तळहाताएवढे सर्किट असते आणि त्यावर एक छोटा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर. सेन्सर फक्त सांगतो. ते लिहून कोण ठेवतो, कुठे आणि किती दिवस, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. १८५२च्या वहीची जागा आता या मेमरीने घेतली आहे.

लिहून ठेवण्याची किंमत काय असते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होऊ लागली. निरीक्षक ठरलेल्या वेळी उपकरण पाहून आकडा वहीत लिहीत. एरवी तासातासाने आणि चुंबकत्वात खळबळ दिसली, तर १५ किंवा ५ मिनिटांनी. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने हा आकडा सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळला. निरीक्षकांनी तो लिहिला. २००३ साली, १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून त्या वादळाची ताकद मोजली. जगातल्या बऱ्याच वेधशाळांची उपकरणे त्या दिवशी मोजपट्टीबाहेर गेली होती. कुलाब्याची नोंद टिकली.

१८७२मध्ये कुलाब्यात फोटोच्या कागदावर आपोआप नोंद घेणारी उपकरणे आली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदीचे काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या पदावरचे पहिले भारतीय. जुनी नोंद बंद करण्याआधी नवी तिच्याशी जुळवून घ्यायची, ही शिस्त आजही शिकण्यासारखी आहे.

कागदावरून सिलिकॉनवर यायला आणखी अर्धे शतक गेले. इजिप्तच्या पोर्ट सईदमध्ये जन्मलेले मोहम्मद अताला अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करत होते. सिलिकॉनवर चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर त्याचा पृष्ठभाग सांभाळतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. १९५९मध्ये त्यांनी कोरियात जन्मलेल्या दावोन कांग यांच्यासोबत नव्या धाटणीचा ट्रान्झिस्टर बनवला. १९६७मध्ये कांग आणि सायमन झी यांनी त्यात एक कप्पा कल्पिला. चारही बाजूंनी ऑक्साइडने वेढलेल्या या कप्प्यात विद्युतभार कोंडला की वीज गेली तरी तो तिथेच राहतो. भार आहे की नाही, हीच नोंद. १९७१मध्ये डोव्ह फ्रोमन यांनी अतिनील किरणांनी पुसता येणारी मेमरी केली. मग विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली आणि १९८०च्या दशकात फुजिओ मासुओका यांची फ्लॅश.

आता थोडा हिशेब करू. शाळा-कॉलेजातली मुले वापरतात त्या अर्डुइनो युनो बोर्डावरील चिपमध्ये ईईप्रॉम असते १,०२४ बाइट. एक तापमान लिहायला २ बाइट पुरतात. दर १५ मिनिटांनी नोंद घेतली तर दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे १९२ बाइट. ही वही सव्वापाच दिवसांत भरते. बाहेरून ३२ किलोबाइटची चिप जोडली तर १७० दिवस, म्हणजे केळीचा अख्खा हिवाळा मावतो. वेळ प्रत्येक नोंदीसोबत लिहिण्याची गरज नसते. सुरुवातीची वेळ आणि दोन नोंदींमधले अंतर माहीत असले की पुरते.

वही भरल्यावर काय? बहुतेक ठिकाणी मेमरी रहाटगाडग्यासारखी फिरते. शेवटच्या पोहऱ्यानंतर पुन्हा पहिला, आणि त्यातली जुनी नोंद नव्या नोंदीखाली पुसली जाते. म्हणून तक्रार उशिरा केली आणि तोवर आकडे दुसरीकडे उतरवून घेतलेले नसले, तर पुरावाच उरत नाही. शिवाय ही वही झिजते. ईईप्रॉमचा एक कप्पा साधारण एक लाख वेळा लिहिण्यापर्यंत भरवशाचा धरतात. 'आता कुठपर्यंत लिहिले' ही खूण दर १५ मिनिटांनी एकाच कप्प्यात लिहीत राहिलो, तर तीन वर्षांच्या आतच ती मर्यादा गाठली जाते. जाणकार म्हणून खुणेची जागा बदलत ठेवतात. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट आकडा राहतो. त्यासाठी नोंदीच्या शेवटी बेरीज लिहितात. ट्रक भरल्यावर शेतकऱ्याने मोजलेले घड आणि व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरचे घड जुळवतो, तसेच हे. बेरीज जुळली नाही, तर ती नोंद मोडीत.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती काय लिहायचे या निवडीची. उदाहरणादाखल, मर्यादा ८ अंश धरा. पहाटेच्या एका तासात २० मिनिटे तापमान ७.७ होते आणि ४० मिनिटे ८.३. मेमरी वाचवण्यासाठी तासाची फक्त सरासरी ठेवली, तर वहीत येईल ८.१. किमान आकडा वेगळा ठेवला, तर ७.७. थंडी तीच, केळी तीच. एका वहीत भरपाई बसते, दुसरीत बसत नाही. दोन बाइट वाचवण्याचा निर्णय कोणीतरी दूर बसून घेतलेला असतो आणि त्याचा भार सावद्याच्या बागेवर पडतो.

दुसरा मुद्दा मोबाइल नेटवर्कचा. केंद्र आकडे दूरच्या सर्व्हरला पाठवते. टॉवर बंद पडला, तर त्या काळाची साक्ष डब्यातल्या मेमरीपाशीच असते. तीही नसेल, तर शेजारच्या केंद्राचा आकडा लावण्याची वेळ येते. आणि शेजारच्या मंडळातली थंडी म्हणजे आपल्या शिवारातली थंडी नव्हे.

म्हणूनच मागणी मोजणी बंद करण्याची असू नये. किती मिनिटांनी नोंद होते, किमान आकडा वेगळा ठेवला जातो का, मेमरी किती दिवस धरते, सेन्सर शेवटचा कधी तपासला, ही चार उत्तरे ग्रामपंचायतीच्या फलकावर असावीत. मूळ आकडे मागेल त्या शेतकऱ्याला मिळावेत.

हे अशक्य नाही. १८५२मध्ये ज्या मोजणीसाठी सावद्यात फौज आली, त्याच मोजणीच्या पायावर आजचा सातबारा उभा आहे. आज कोणीही शेतकरी तो काढतो, वाचतो, चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज करतो. साखळीची भीती गेली, कारण वही उघडली. डब्यातली वही उघडायची अजून बाकी आहे.