नाव इथे, आकडा तिथे

मंडळी, इथे शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. दोघे समोरासमोर, शब्द अडला तर लगेच विचारता येई. आम्ही आज बोलणार आहोत ते एकमेकांपासून दूर असलेल्या दोघांविषयी.

1986 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधायचे साधन, लिहिला. पुढे तो दुसऱ्या यंत्रातली चूकही तारेवरून शोधू लागला. त्या छोट्या यंत्रात बहुधा नुसते आकडे. नावांची आणि प्रकारांची यादी डीबगरपाशी. आता बघा, 65 ही संख्या, की रोमन लिपीतले पहिले अक्षर? ते आकडा सांगत नाही, प्रकार सांगतो. कधी उलटही होते: यंत्र नाव कळवते, डीबगर त्याचा पत्ता देतो.

पण यादी जुन्या प्रोग्रामची राहिली, तर डीबगर चुकीचे उत्तर ठामपणे देतो. जुन्या दप्तरांचेही तेच. भाताची खंडी 20 मणांची खरी, पण मण मुलखागणिक वेगळा! माप न विचारता आकडा वाचला, की गावाचा इतिहासच चुकतो. म्हणून आधी माप विचारावे, मग आकडा वाचावा.