तपकिरी ढगाचे खापर चुलीवर

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्या चळवळीतले अनेक जण "हे पोट भरलेल्यांचे चोचले" म्हणून उठून जातात. मित्रांनो, हे उठून जाणे आपल्याला महागात पडते. त्या चर्चेत आपण नसलो तरी आपल्या आयाबहिणींची चूल असते, आणि तीही आरोपीच्या पिंजऱ्यात.

१९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुटझेन यांच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' ही मोहीम झाली. जहाजे, विमाने, उपग्रह, मालदीवमध्ये केंद्र. भर समुद्रात, जिथे ना गिरणी ना गाडी, तिथल्या हवेत काजळी सापडली. काजळी, म्हणजे ब्लॅक कार्बन, इंधन अर्धवट जळाले की निघते. कण इतके बारीक की पाऊस नसेल तर काही दिवस, कधी आठवडाभर तरंगत राहतात. हिवाळ्यात वारे उपखंडाकडून समुद्राकडे वाहतात आणि हवा धुणाऱ्या सरी नसतात, म्हणून इथला धूर हजारभर किलोमीटर सहज जातो. काळी वस्तू ऊन शोषते. त्यामुळे वरची हवा तापते आणि खाली जमिनीला ऊन कमी मिळते.

२००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने याला 'आशियाई तपकिरी ढग' म्हटले आणि दिल्ली संतापली. संताप अगदीच खोटा नव्हता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुराने हजारो माणसे मेली, तेव्हा त्या धुराला कोणी 'युरोपीय' म्हटले नव्हते. पुढे 'आशियाई' जाऊन 'वातावरणीय' शब्द आला, राष्ट्राची अब्रू वाचली. पण ऐंशीच्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने गुंडाळला तोही याच २००२ मध्ये. एकामुळे दुसरे झाले असा माझा दावा नाही. अब्रू कशात मानली जाते एवढेच यातून दिसते. चुलीपुढच्या बाईच्या छातीत किती धूर जातो, हे कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत मोजून १९८३ मध्येच छापले होते. म्हणजे माहिती नव्हती, ही सबब चालणार नाही.

ढग नेमका कशाचा, याचे उत्तर शोधण्यात आपला सिंहगडही आहे. २००६ मध्ये सिंहगडावर आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर काजळीचे नमुने घेतले गेले. ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी त्यातला कार्बन-१४ मोजला. कोळसा-डिझेल कोट्यवधी वर्षे जुने, त्यात कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकूड, गोवरी, पाचट यांत असतो. २००९ मध्ये निकाल आला: काजळीचा सुमारे अर्धा ते दोन तृतीयांश भाग बायोमासचा. बातम्यांतून मग चूल गाजली.

इथे थांबून वाचा. कार्बन-१४ ला बाभळीची काटकी आणि उसाचे पाचट यांत फरक करता येत नाही. पाचट पेटवणाऱ्याच्या नावावर सातबारा असतो. काटक्या वेचणारीकडे तो नसतो, म्हणून तर ती वेचते. कापूस-तुरीच्या पट्ट्यात ज्याचे शेत त्याच्या पऱ्हाट्या, त्याच्या तुराट्या. भूमिहीनाने गायरानात किंवा बांधावर वाकायचे आणि मालकाचे बोलणे ऐकून घ्यायचे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते पडीक जमिनीसाठी. ती जमीन मिळण्यावर भाकरीइतकेच सरपणही अवलंबून होते, याची नोंद पर्यावरणाच्या इतिहासात मला कुठे वाचायला मिळाली नाही. 'बायोमास' या एका शब्दात जमीनदाराचे शेत आणि मजुरणीची चूल एकाच ओळीत बसवली जातात, आणि जात त्या तक्त्यातून आपोआप गळते.

२०११ च्या जनगणनेत देशातली ४९ टक्के घरे लाकूडफाट्यावर आणि फक्त २८.५ टक्के घरे गॅसवर स्वयंपाक करत होती. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, शेगडी घरात आली. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात लाभार्थ्यांची वर्षाची सरासरी चार सिलिंडरांपेक्षाही कमी भरली. वस्त्यांमध्ये फिरताना मला ते दिसते: पाहुणे आले की गॅस, एरवी चूल. त्यातली एखादी बाई हिशेब सांगते, सिलिंडरच्या पैशांत किती दिवसांची मजुरी जाते त्याचा. तो हिशेब अजून कोणत्याही ढगाच्या अहवालात आलेला नाही.