शासनाचा शब्द आणि नागरिकाचा शब्द

शासनव्यवहाराच्या भाषेचा इतिहास आपल्याकडे बहुधा परिभाषेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणता शब्द शुद्ध व कोणता परका, हाच त्यातील मुख्य प्रश्न. ज्याला त्या शब्दाच्या आधारे आपले काम करून घ्यावयाचे असते, त्या नागरिकाचा विचार त्यात क्वचितच आढळतो. शासकीय संकेतस्थळांच्या काळात ही उणीव विशेष जाणवते.

शिवराज्याभिषेकानंतर (१६७४) सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. या उद्योगाचे सांस्कृतिक मोल निर्विवाद आहे. तथापि ‘जमीन’, ‘वसूल’, ‘तहसील’, ‘नक्कल’ हे शब्द व्यवहारातून गेले नाहीत. १९६० नंतर हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९६२ मध्ये पदनामकोश निघाला. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनामकोशावरील आचार्य अत्रे यांची टीका सर्वश्रुत आहे. त्यातील अनेक पदनामे पुढे रुळली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु समर्थक आणि टीकाकार या दोघांचाही वाद शब्दाच्या रूपाविषयीच होता.

‘सातबारा’ हा शब्द या वादाबाहेरचा. गावनमुना सात हा अधिकारांचा, तर बारा हा पिकांचा. दोन नमुन्यांच्या क्रमांकांतून व्यवहाराने हे नाव घडविले. महाभूलेख या संकेतस्थळानेही ‘७/१२’ हेच नाव ठेवले. जिल्हा, तालुका, गाव, मग गट क्रमांक, हा तेथील शोधाचा क्रमही शेतकऱ्याच्या परिचयाचाच आहे.

अडचण येते ती नावाने शोध घेताना. ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ ही तलाठ्याच्या दृष्टीने एकाच आडनावाची दोन लेखने होत. यंत्राच्या दृष्टीने, तशी तरतूद केली नसल्यास, ती दोन भिन्न नावे ठरतात. शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. नोंदी त्यापूर्वीच्याही आहेत, आणि विशेषनामे नियमांना सहसा जुमानत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा जो भेद परीक्षेत एका गुणाचा, तोच येथे वारसाला आपल्या जमिनीच्या नोंदीपासून दूर ठेवू शकतो.

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तांत्रिक प्रगती अशी झपाट्याने झाली. नामलेखनाच्या पर्यायांचा आणि लोकांच्या तोंडच्या व्यवहारशब्दांचा पद्धतशीर संग्रह हा मात्र भाषाभ्यासकाचा प्रांत होय. तलाठी जे भेद वाचताना सहज मिटवीत असे, ते यंत्राला शिकवावयाचे तर आधी कोणी तरी नोंदविले पाहिजेत. पदव्युत्तर अभ्यासकांनी एखादा तालुका घेऊन या कार्यास आरंभ करावा. परिभाषेच्या इतिहासात आजवर न आलेला नागरिक त्यायोगे तरी त्यात येईल.