आजीबाई नावाची इंग्रज बाई आणि दोन वर्षांची मनोरमा

परवा आंजीत एका घरी बसलो होतो. पोराचं जर्मनीचं काम पक्कं झालंय. तो, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा, तिघंही जाणार. जन्माच्या दाखल्यावर मुलाच्या नावाचं एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, म्हणून मला बोलावलं होतं. पत्रकार म्हटलं की याला सगळ्या ऑफिसातलं कळतं, असा गावात समज असतो.

घरात सगळी आनंदाची गडबड. तिकडे पगार किती, घरभाडं किती, थंडी किती, पाळणाघर मिळेल का, विमानात लोणचं नेऊ देतात का. आजी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाकी सारं झालं बाबू, पन तिथं याच्यासंग बोलन कोन?"

कोणीतरी हसत म्हणालं, "आजी, व्हिडिओ कॉल आहे ना!" विषय तिथंच संपला.

मला मात्र घरी येईपर्यंत तो प्रश्न सोडेना. कारण हा प्रश्न १४० वर्षांपूर्वी एका मराठी आईला पडला होता, आणि त्यावर तिनं भल्याभल्या इंग्रजांशी पत्रातून वाद घातला होता. ती गोष्ट आज सांगतो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं लहान मूल परदेशी निघालंय त्यांनी तरी वाचा.

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या धड्यातून माहीत असतात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या. पण त्या एका लहान लेकराच्या एकट्या आई होत्या, हे त्या धड्यात राहून जातं.

रमाबाईंचं बालपणच मुळी फिरस्तीत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव हिंडायचे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील उपासमारीनं गेले, बहीण गेली. मग १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बंगालमधले वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी रमाबाईंनी जातीबाहेर लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा ठेवलं. पोरगी वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला.

म्हणजे बघा. चोविशीही न गाठलेली विधवा, कडेवर तान्ही पोर, ना माहेर ना सासर. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत असं ठणकावून सांगितलं. आणि मग ठरवलं की आपणच डॉक्टर व्हायचं, त्यासाठी इंग्लंडला जायचं. 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहून आलेल्या पैशातून बोटीचं भाडं निघालं. तिथं राहायची सोय वांटेज या गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात झाली. भारतात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, बदल्यात त्यांचं राहणं-शिकणं होईल, असं ठरलं.

एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोट निघाली. रमाबाई पंचविशीच्या, मनोरमा नुकतीच दोन वर्षांची. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. आपल्याला माहीत असलेल्या दुसऱ्या आनंदीबाई, म्हणजे आनंदीबाई जोशी, त्याच महिन्यात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या. त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलेलं. त्या रिकाम्या हातानं निघाल्या, रमाबाई लेकराला घेऊन.

इंग्लंडमध्ये पाय ठेवल्यावर वर्षाच्या आतच तीन धक्के बसले. रमाबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथंच संपलं. आनंदीबाई भगत यांनी वांटेजमध्ये आत्महत्या केली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, मनोरमेलाही दिला. इकडे महाराष्ट्रात त्यावरून केवढं वादळ उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते का केलं, बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे त्या दोन वर्षांच्या पोरीचं पुढं काय झालं.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन या बाईंनी मनोरमेवर जीव लावला. रमाबाई १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या, तेव्हा पोरीचा बराचसा सांभाळ वांटेजच्या भगिनींकडेच राहिला. या जेराल्डिनबाईंना मायलेकी काय म्हणायच्या माहीत आहे? 'आजीबाई'. पत्रातही तेच संबोधन.

मला हे वाचलं तेव्हा गलबलून आलं होतं. खरी आजी दुष्काळात उपाशी गेलेली. त्या जागी एक गोरी जोगीण बसली आणि तिला मराठी नातं मिळालं. परदेशी गेलेलं प्रत्येक घर हेच करतं. शेजारची म्हातारी, पाळणाघरातली बाई, कोणाला तरी आजी करावंच लागतं. जेराल्डिनबाईंची माया खोटी नव्हती. पण मायेबरोबर हक्कही येतो, आणि तिथंच ठिणगी पडली.

आजीबाईंना वाटायचं, पोरगी बाप्तिस्मा झाल्यापासून चर्चची आहे, तेव्हा चर्च शिकवेल ते तिनं शिकावं. रमाबाई म्हणायच्या, मलाच ज्या गोष्टी पटलेल्या नाहीत त्या माझ्या लेकीच्या डोक्यात आत्तापासून भरू नका. तिला काय शिकवायचं ते तिची आई ठरवेल. ज्यांच्या घरी राहतोय, ज्यांचं खातोय, त्यांना असं लिहायला काय छाती लागत असेल विचार करा.

खाण्यावरूनही झालं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहार सोडला नाही. आजीबाईंनी त्याला जातीचा अभिमान ठरवलं. रमाबाईंचं उत्तर असं होतं की मी हिंदू म्हणवून घेते, कारण मी आहे, आणि वाडवडिलांच्या ज्या चाली कोणाला त्रास देत नाहीत त्या मी पाळणार. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि तिनं आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तुम्ही तिला गर्विष्ठ म्हणाल का? या प्रश्नाचं सरळ उत्तर आजही कुठल्या देशानं दिलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनोरमेच्या शिक्षणाबद्दल रमाबाईंनी काय कळवलं. तिनं भारतात, आपल्या माणसांत शिकावं. त्या माणसांवर त्यांच्यातलीच एक म्हणून माया करावी, वरून आलेली कोणी म्हणून नव्हे. आपण भारताची लेक आहोत हे सांगताना तिला लाज वाटू नये, कारण परदेशात घर केलेल्यांच्या मुलांचं तसं होताना दिसतं. हे लिहिणारी बाई तेव्हा स्वतः परदेशात होती, परक्यांच्या मदतीवर जगत होती आणि गावाकडच्यांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. तरी हा एक मुद्दा तिनं सोडला नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट नुसती आरती होईल. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, मनोरमेला घेऊन. थोडेच दिवस राहायचं म्हणून गेलेल्या बाई पावणेतीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. भाषणं दिली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. आणि मनोरमा? तिला काही महिन्यांतच इंग्लंडला आजीबाईंकडे परत पाठवलं. पाच वर्षांची पोर. दोन वर्षांहून जास्त काळ आई समुद्राच्या पलीकडे आणि मधे फक्त पत्रं.

मग तेव्हा तिच्याशी बोललं कोण? आजीबाई बोलल्या. इंग्रजीत. म्हणजे जी आई पोरीच्या मनावर स्वतःचा हक्क सांगत होती, तिलाच कामासाठी पोर दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. यात मी रमाबाईंना दोष देत नाही. आज दोन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आईबापांनाही मी देणार नाही. पण किंमत लेकरानं मोजली, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पुढं ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आईनं लिहिलं होतं तसंच झालं, मनोरमा आपल्याकडच्या मुलींमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून नेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. मनोरमा पुन्हा शिकायला अमेरिकेला, न्यूयॉर्क राज्यातल्या चेसब्रो सेमिनरीत गेली. पण शिकून परत आली. आईच्या शाळेचा कारभार बघितला, गुलबर्ग्याला मुलींसाठी काम केलं. २४ जुलै १९२१ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती आईआधी गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचं झालं. तर मग आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. सेवाग्रामला बापूकुटी बघायला गेलात तर जवळच बा कुटी आहे. आपण तिथं दोन मिनिटं थांबतो आणि पुढं जातो. त्या कस्तुरबा १८९६ च्या शेवटी मुंबईहून 'कूरलँड' बोटीनं दक्षिण आफ्रिकेला निघाल्या, तेव्हा सोबत आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि नणंदेचा मुलगा होता.

सुधारलेलं दिसलं पाहिजे म्हणून गांधीजींनी पोरांना पारशी पद्धतीचे कोट-पाटलोण चढवले, बांना पारशी पद्धतीची साडी. बूट-मोजे सक्तीचे. बोटं सोलली, मोजे घामानं वास मारायचे, आणि जेवायला काटे-चमचे. हे सगळं गांधीजींनीच आत्मकथेत कबूल केलंय, आणि पुढे तो सोस सुटल्याचंही. मुंबईत प्लेग होता म्हणून दरबानच्या बंदराबाहेर बोट तीन आठवडे अडकवून ठेवली. १३ जानेवारी १८९७ ला उतरले तर गोऱ्यांच्या जमावानं गांधीजींना मारलं. बा आणि पोरं आधीच गाडीतून रुस्तमजी शेटच्या घरी पोचली होती. नव्या देशात पोरांचा पहिला दिवस असा.

पोरांना आपली भाषा राहावी म्हणून गांधीजींनी त्यांना गोऱ्यांच्या शाळेत घातलं नाही, घरी गुजरातीतून शिकवलं. भाषा राहिली, पण शाळा नीट झाली नाही ही तक्रारही मुलांची राहिली. थोरल्या हरिलालचा बापावरचा राग तर जगजाहीर आहे. म्हणजे नुसती भाषा धरून ठेवली तरी पुरत नाही. लेकराला तिथल्या पोरांत मिसळूही द्यावं लागतं.

आता आजच्याकडे येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं. चांगली गोष्ट आहे, आमच्याकडच्या पोरांना कापूस-सोयाबीनच्या भावावर किती दिवस जगायला सांगणार? जाणाऱ्याला जर्मन शिकवायचीही चर्चा झाली. पण त्याच्या तीन वर्षांच्या पोराचं काय, यावर मी कुठल्या सभेत अवाक्षर ऐकलं नाही. नॉर्वेत २०११ मध्ये एका बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं काढून नेली होती. हातानं भरवणं आणि मुलाला जवळ घेऊन झोपणं यावरही आक्षेप होते, असं आईबापांनी सांगितलं. त्यावर नंतर सिनेमाही निघाला. अशा वेळी कोणाला फोन करायचा, तिथला कायदा काय, आपला हक्क काय, हे जाण्याआधी सांगायला नको? बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालवतं. जिथं आता आपले कामगार जाणार तिथं अशी शाळा कोण काढणार? करारावर सही करणाऱ्यांना हे विचारायला हवं.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. त्या घरातली मोठी नात इथंच राहते, बसनं इंग्रजी शाळेत जाते. आजी "मले पानी दे वं" म्हणाली तर "मले नाही, मला म्हण" असं तिला सुधारते, आणि घरचे कौतुकानं हसतात. रमाबाईंना भीती वाटत होती ती लाज समुद्र ओलांडल्यावर येणारी होती. आपण ती आंजीतच आणून ठेवली आहे.

दाखल्याचं काम झालं. पुढच्या महिन्यात ते जातील. निघताना मी पोराच्या बापाला एवढंच म्हटलं, रोज दहा मिनिटं आजीला मुलाशी बोलू दे. "हाय म्हण, बाय म्हण" नाही. तिनं गोष्ट सांगायची आणि त्यानं ऐकायची. तिच्या बोलीत.

आजीनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पन तिथं दिवस असते तवा इथं रात अस्ते म्हन्तेत, मंग?"

मी म्हटलं, साडेतीन-साडेचार तासांचाच फरक आहे आजी, जमेल.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

तुमच्या घरातलं कोणी लेकरं घेऊन बाहेर गेलं असेल तर कसं निभावलं, कमेंटमध्ये जरूर लिहा. निघणाऱ्यांना उपयोग होईल.

– आंजी (मोठी), जि. वर्धा