पीठ आणि देव : नार्व्याची साक्ष

“पीठ भंगले तर देव जातो काय?” पाठशाळेतील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारलेला हा प्रश्न गोमंतकीय भक्तजनांस केवळ शास्त्राचा नव्हे, कुळाचाही आहे.

वैदिक श्रौतकर्मात वेदी ही कायमची वास्तू नव्हती. चयनयागातील श्येनचिती पाच थरांची, प्रत्येक थरात दोनशे विटा. शुल्बसूत्रांनी तिचे माप दोरीने काटेकोर आखून दिले. तथापि याग संपताच यजमान ती तेथेच सोडून घरी परते. पुढे देवालये झाली आणि पीठ अचल झाले. तरीही जीर्णोद्धारात देवतेचे तेज कलशात आकर्षून घेण्याचा, म्हणजे कलाकर्षणाचा, विधी शास्त्रकारांनी सांगून ठेविला. परंतु विधीस अवसरच न देता पीठ उखडले गेले तर?

कदंब राजांचे आराध्य श्रीसप्तकोटेश्वर मूळचे दिवाडी बेटावरील. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते देवालय भंगले. विजयनगरचे मंत्री माधव यांनी त्याच शतकात लिंगाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले आणि लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामी लाविले, असे परंपरा सांगते. ज्या शिळेवर अभिषेकाची धार धरावी, तिच्यावर पोहऱ्याचा दोर घासत राहिला! अखेर भाविकांनी ते गुप्तपणे नदीपार, डिचोली महालातील नार्व्यास नेले. तेथे १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने देवालय उभारण्यात आले. द्वारावरील शिलालेखात शब्द आहे तो ‘प्रारंभ’. दोनदा भंगलेल्या स्थानाविषयी हा शब्द योजणाऱ्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

वेदीचे मर्म विरोधकांसही ठाऊक होते. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने जुन्या काबिजादींत घराभोवती तुळस लावण्यास मनाई केली. ओंजळभर मातीचे वृंदावनही त्यांस पीठच वाटले. पेडणे व डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होती, म्हणून तेथील अंगणांत सांजवात चालू राहिली.

गतवर्षी आम्ही नार्व्याचे दर्शन घेऊन फेरीबोटीने दिवाडीस गेलो. मूळ स्थानी आता देवालय नाही. कोटीतीर्थाच्या पायऱ्या मात्र आहेत. प्रश्न विचारणारा विद्यार्थी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत उभा होता. नंतर त्याने पादत्राणे काढली, खाली उतरला, आणि आचमन करून नार्व्याच्या दिशेस तोंड करून बसला.