गॅझेटिअरमधले वेसावे

साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात असताना, १८८२ मध्ये, त्या जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर निघाले. संपादक होते जेम्स कॅम्पबेल. याच बेटावरच्या वेसावे (वर्सोवा) या आपल्या कोळी गावाचा इतिहास शोधत ते उघडणाऱ्या वेसावकराची बहुधा निराशा होते. किल्ला सापडतो: पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलेला (तोही खाडीपलीकडे, मढला). कोळी मात्र वेगळ्या खंडात, जातवार वर्णनात भेटतात. गाव एकीकडे, माणसे दुसरीकडे! दोष माहितीच्या तुटवड्याचा कमी, मांडणीचा जास्त. हा ग्रंथ महसूल आणि कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी रचलेला होता. कोळीवाड्यातला वाचक त्यात वर्णनाचा विषय होता. संदर्भग्रंथ म्हणून मात्र तो आजही टाळता येत नाही.